शिकारी रायफल आणि आपला जिल्हा

जुनी शिकारी रायफल विकत घ्यावी की नाही, हा प्रश्न काही सर्वांना पडणारा नाही. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तो पडला आणि "सर, तुम्ही इतिहास शिकवला, तुम्हीच सांगा" म्हणून त्याने तो माझ्याकडे आणला. त्याची शेती शहादा तालुक्यात आहे. ऊस, केळी, पपई असे बागायती पीक. रानडुकरांचा त्रास आहेच, आणि अलीकडे उसात बिबट्याही वावरतो. वडिलांच्या वेळची बाराबोर बंदूक घरात आहे, तिचा परवाना आता याच्या नावावर आहे. एका जुन्या खानदानी घरातली इंग्लंडमध्ये घडवलेली दुनळी रायफल विकायला निघाल्याचे त्याला कळले. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर नक्षी, चामड्याची मूळ पेटी. त्याच्या बोलण्यावरून मन गुंतलेले स्पष्ट दिसत होते.

मी बंदुकीतला जाणकार नाही. पण अशी वस्तू आपल्या भागात आली कुठून, हे पाहिल्यावाचून घेण्या-न घेण्याचे ठरवता येणार नाही, असे मला वाटले.

इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला, पण सातपुड्यातले भिल्ल काही त्यांच्या हाती आले नाहीत. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यावर भिल्लांची पलटण उभी करण्याचे काम सोपवले गेले. धरणगाव हे तिचे ठाणे. औट्रमने भिल्लांचा विश्वास मिळवला तो मुख्यतः शिकारीतून. त्यांच्याबरोबर रानात राहायचे, त्यांच्या मागावर चालायचे, वाघापुढे स्वतः उभे राहायचे. १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघांच्या शिकारीत तो स्वतः हजर होता, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी तेव्हाच्या खानदेशात केवढे रान असेल, याची कल्पना येते. आज तोरणमाळला जाणाऱ्या पर्यटकाला हे सांगितले तर तो हसेल.

शिकारीतल्या या मैत्रीची दुसरी बाजू १८५८ मध्ये दिसली. खाजा नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालचे भिल्ल ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे इंग्रज फौजेशी लढले. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालून मारण्यात आले. रानाची वाट दाखवणारा भिल्ल साहेबाला हवा होता, स्वतःसाठी हत्यार उचलणारा नको होता.

मग १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना आवश्यक झाला, युरोपियनांना मात्र सूट. याविरुद्ध १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला. एवढेच काय, अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात काढलेल्या पत्रकात या कायद्यावर कडक टीका केली होती. तेव्हा एखाद्या हिंदी घराण्याकडे इंग्रजी रायफल असणे म्हणजे सरकारदरबारी वजन असणे. ती नक्षी त्या वजनाची आहे.

गंमत म्हणजे या रायफलींचे मापसुद्धा सरकारच्या भीतीने ठरले. फौजी काडतुसे चोरून बंडखोरांच्या हाती लागतील म्हणून १९०७ च्या सुमारास पॉइंट ४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. मग विलायती कारखानदारांनी ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापे काढली. माझ्या विद्यार्थ्याला भुरळ घालणारी रायफल ४७० ची आहे. म्हणजे हत्ती आणि गवा लोळवणारे हत्यार! शहाद्याच्या उसात त्याने मारायचे काय?

आता कायद्याचे पाहू. हल्लीचा शस्त्र अधिनियम १९५९ चा, तो अमलात आला १९६२ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. विकणाऱ्याला आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याच्या परवान्यात त्या हत्याराला मंजुरी हवी. तेराव्या कलमातली एक गोष्ट तर मला फार बोलकी वाटली. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच तो त्यासाठी दुसऱ्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. राखणीला किती बळ लागते, याचा विचार कायद्याने आधीच करून ठेवला आहे.

शिकारीचे म्हणाल तर मुंबई राज्यात १९५१ सालीच वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला होता. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करायला वाव होता, तो १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आणि बिबट्याचा तर प्रश्नच नाही. शिवाय परदेशी बंदुकांची खाजगी आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यामुळे जुन्या विलायती मालाला भलताच भाव आला आहे. काडतूस मिळणे मुश्कील, आणि मिळाले तरी नळी आतून खड्डे पडलेली किंवा सांधा ढिला झालेला असेल, तर उडवणाऱ्याच्याच जिवाला धोका. म्हणजे किंमत आहे ती दुर्मीळपणाची.

एवढे सांगून मी थांबलो असतो तर तो व्यवहाराचा सल्ला झाला असता. पण मला थांबवेना, कारण आपल्या जिल्ह्यात बंदुकीची आणखी एक आठवण आहे.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. ही कथा आपण दरवर्षी मुलांना सांगतो. पण १९७१ च्या मे महिन्यातली पाटीलवाडीची घटना कितीजण सांगतात? दुष्काळाचे दिवस, पोटात अन्न नाही, म्हणून आदिवासी धान्य मागायला गेले. शेतमालकांच्या बाजूने गोळीबार झाला आणि एक आदिवासी मारला गेला. मी तेव्हा बी.ए.ला होतो. शहाद्याकडून येणारी मुले दबक्या आवाजात बोलत. अंबरसिंग महाराजांची चळवळ त्यानंतर जोराने पसरली, ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. त्या काळात 'पीकसंरक्षण' हा शब्द शेतमजुराच्या कानाला कसा लागत असेल, याचा विचार करा. कागदावर बंदूक रानडुकरासाठी होती. रात्री बांधावरून जाणाऱ्या माणसाला ते कसे कळावे?

माझा विद्यार्थी सज्जन आहे, सालदाराच्या मुलांची फी भरणारा आहे. पण बंदूक मालकाच्या स्वभावावर चालत नाही, आणि ती मालकापेक्षा जास्त जगते. या रायफलीने तर तीनचार पिढ्या पाहिल्या. पुढची पिढी कशी निघेल, हे तो तरी कसे सांगणार?

"सर, पण वस्तू सुंदर आहे हो," तो म्हणाला. आहे, नक्कीच आहे. उत्तम कारागिराच्या हाताचे काम आहे, तिचा द्वेष करण्याचे काही कारण नाही. ती एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड गेली तर मी नातवंडांना घेऊन पाहायला जाईन, औट्रमची आणि खाजा नाईकाचीही गोष्ट सांगेन.

मात्र ती शेतातल्या घरात नको, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. ज्या कामासाठी ती घडली ते काम संपले. ज्या मानासाठी ती घेतली जायची तो मान परक्या सरकारचा होता. आणि राहिले एकच काम, भीती दाखवण्याचे, ते त्याला करायचे नाही. त्या पैशात शेताभोवती पक्के कुंपण होईल. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या मजुरांना चांगल्या बॅटऱ्या घेता येतील. बिबट्या अंधारात त्यांच्याच अंगावर येतो, पेटीतल्या रायफलीचा त्यांना काय उपयोग?

त्याने अजून नकार कळवलेला नाही. विचार करतो म्हणाला. करू दे. चाळीस वर्षे मास्तरकी केल्यावर एवढे कळते की उत्तर फळ्यावर लिहून देता येते, उतरवून घ्यायचे की नाही ते मुलाने ठरवायचे असते.