राष्ट्रांना वाळीत टाकणे : आर्थिक निर्बंधांचा इतिहास आणि कायदा



महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करण्यात आला. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचं, त्यांच्याशी देवघेव, येणंजाणं, लग्नकार्य बंद करायचं, हा आता आपल्याकडे गुन्हा आहे. कारण उघड आहे. भांडण एकाशी असतं, पण झळ घरातल्या म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांना लागते.

आता राष्ट्रांकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ४१ वं कलम असं सांगतं की, शांततेला धोका निर्माण झाला तर सुरक्षा परिषद एखाद्या राष्ट्राशी असलेले आर्थिक संबंध, रेल्वे, जहाजं, विमानं, टपाल, तार आणि राजनैतिक संबंध तोडायला सांगू शकते. गावात जो गुन्हा, तोच राष्ट्रांमध्ये अधिकृत उपाय कसा? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. त्यामुळे आम्हाला पडणारा प्रश्न हा न्यायाचा आहे. पण त्याचं उत्तर इतिहासातच शोधावं लागतं.

या कल्पनेचा आधुनिक जन्म पहिल्या महायुद्धात आहे. दोस्त राष्ट्रांनी जर्मनीची सागरी नाकेबंदी केली. उपासमारीने आणि तिच्यापाठोपाठ आलेल्या रोगांनी काही लाख नागरिक गेले. नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं, तरी नाकेबंदी पूर्णपणे उठायला १९१९ चा उन्हाळा उजाडला. हे पाहून अनेक मुत्सद्द्यांनी निष्कर्ष काढला, की हे हत्यार फार परिणामकारक आहे! अध्यक्ष वुड्रो विल्सन १९१९ साली अमेरिकाभर भाषणं देत हिंडत होते. बहिष्कार हा शांत, आवाज न करणारा आणि तरीही प्राणघातक असा उपाय आहे, तो वापरला की सैन्याची गरज उरणार नाही, असं ते सांगत. राष्ट्रसंघाच्या कराराच्या १६ व्या कलमात ही कल्पना उतरली. करार मोडून युद्ध करणाऱ्या राष्ट्राशी सगळ्यांनी व्यापार तोडायचा.

परीक्षा १९३५ साली आली. ३ ऑक्टोबरला मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या. राष्ट्रसंघाने इटलीला दोषी ठरवलं आणि १८ नोव्हेंबरपासून पन्नासहून अधिक राष्ट्रांनी निर्बंध लागू केले. इटलीला शस्त्रं नाहीत, कर्ज नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही. निर्यातबंदीच्या यादीत रबर होतं, कथील होतं, खेचरं आणि उंटसुद्धा होते. फक्त तेल नव्हतं! कोळसा आणि पोलादही नव्हतं. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. ब्रिटन आणि फ्रान्सला वाटत होतं की तेल तोडलं तर मुसोलिनी लढाईला उठेल, नाहीतर हिटलरच्या गोटात जाईल. शिवाय अमेरिका राष्ट्रसंघाबाहेर, तिचं तेल कोण अडवणार?

परिणाम काय झाला? इटलीत बाहेरच्या दडपणाविरुद्ध देशभक्तीची लाट उसळली. १८ डिसेंबरला सरकारने सोनं दान करण्याचा दिवस पाळला. राणी एलेनापासून सामान्य गृहिणींपर्यंत बायकांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या देशाला दिल्या आणि बदल्यात पोलादी अंगठ्या घातल्या. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हाइले सेलासी यांनी जिनिव्हात उभं राहून राष्ट्रसंघाला जाब विचारला. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी निर्बंध उठले, आणि तेही इटलीवरचे! हिटलरचा दुभाषा पॉल श्मिट याने आठवणींत लिहिलं आहे की, तेल तोडलं असतं तर आपल्याला आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असं मुसोलिनीने पुढे हिटलरजवळ बोलून दाखवलं होतं.

इथे एक भेद लक्षात ठेवू या. दंड वेगळा आणि दबाव वेगळा. दंड द्यायचा तर आधी दोषी कोण हे ठरवावं लागतं आणि तो दोषीलाच द्यावा लागतो. दबावाचं तसं नसतं. तो निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचला की काम झालं. सनदेच्या ४१ व्या कलमात निर्बंधांना ‘शिक्षा’ म्हटलेलं नाही, ‘बळाचा वापर न करता करायचे उपाय’ असं म्हटलं आहे. आधी ३९ व्या कलमाखाली शांततेला धोका आहे असा निर्णय परिषदेने करायचा, मग हे उपाय, आणि २५ व्या कलमाने ते सर्व सदस्यांवर बंधनकारक. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा दबाव आहे. तर मग विचारायला हवं, हा दबाव राज्यकर्त्यापर्यंत कोणत्या वाटेने जातो? इटलीच्या बाबतीत खरी वाट तेलाची होती, आणि तीच सोडून दिली गेली.

इराकच्या बाबतीत उलट झालं. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनने कुवेत घेतलं आणि ६ ऑगस्टला ठराव ६६१ आला. आयात-निर्यात जवळपास सगळी बंद. औषधं वगळली होती, अन्न फक्त ‘मानवतावादी परिस्थितीत’. इराकची परकीय मिळकत जवळजवळ पूर्ण तेलावर होती आणि धान्याचा मोठा भाग बाहेरून येत होता. युद्धात वीजकेंद्रं आणि पाणीपुरवठा उद्ध्वस्त झाला होता. दुरुस्तीचे सुटे भाग लष्करी कामी येतील म्हणून समितीत अडकत. मग सरकारने शिधापत्रिका काढल्या. आपल्याला रेशन दुकान काय असतं ते माहीत आहे. घरातली कणीक, साखर, चहा सगळं सद्दामच्या यादीवरून यायला लागलं, तर त्या घरातला माणूस सद्दामविरुद्ध उठेल कसा? दबाव जनतेपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना १९९५ च्या ठराव ९८६ ने आली, आणि धान्य प्रत्यक्ष पोचायला १९९७ उजाडलं. इराकमधले संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. बालमृत्यूंचे जे मोठे आकडे तेव्हा जगभर सांगितले गेले, ते नंतरच्या पाहण्यांत टिकले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण हाल खोटे नव्हते.

कायद्याची एक खोच इथे आहे. ठराव ६६१ ला मुदत नव्हती. निर्बंध उठवायचे तर नवा ठराव हवा, आणि तो एकटी अमेरिका किंवा एकटं ब्रिटन नकाराधिकाराने अडवू शकत होतं. म्हणून कुवेत मुक्त झाल्यावरही ते बारा वर्षं चालले आणि सद्दाम गेल्यावर, मे २००३ मध्ये उठले.

आपल्या जवळचा दाखला घ्यायचा तर गोव्याचा. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे तुटली, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे धाडणं अवघड झालं. पण निर्णय घेणारा सालाझार बसला होता लिस्बनला. गोव्यात बटाटे हॉलंडहून येऊ लागले, तांदूळ पाकिस्तानातून, आणि खनिज लोखंड जपानला जाऊन पैसा येत राहिला. त्रास झाला तो गोवेकर कुटुंबांना. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये, तो सैन्याच्या कारवाईने.

मग निर्बंध कधी चालतच नाहीत का? तसं म्हणता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार भारताने १९४६ सालीच बंद केला होता, या बाबतीत आपण पहिले. पुढे आल्बर्ट लुथुली यांच्यासारख्या तिथल्याच नेत्यांनी जगाला सांगितलं की आमच्या देशावर बहिष्कार टाका, झळ आम्ही सोसू. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली, १९८५ मध्ये परदेशी बँकांनी अल्पमुदतीच्या कर्जांची मुदत वाढवायला नकार दिला. झळ गोऱ्या उद्योजकाला आणि गोऱ्या मतदाराला बसली, आणि मत देण्याचा हक्क त्याच्याचकडे होता. १९९२ च्या सार्वमतात या मतदारांनी सुधारणांच्या बाजूने कौल दिला. हे केवळ निर्बंधांनी घडलं नाही, देशातल्या आंदोलनाचा वाटा मोठा आहे. पण दबावाला वाट होती.

इराकनंतर कायदा थोडा शहाणा झाला. बऱ्याच ठरावांत मुदत घातली जाऊ लागली. संपूर्ण देशाऐवजी ठरावीक माणसांची खाती गोठवणं सुरू झालं. त्यातही अन्याय होतो. नाव यादीत का आलं हेच माणसाला कळत नाही, तेव्हा तो बचाव कसा करणार? २००८ च्या काडी खटल्यात युरोपीय न्यायालयाने हाच आक्षेप मान्य केला. डिसेंबर २०२२ मध्ये ठराव २६६४ ने मदतकार्याला सरसकट सूट दिली. चौदा मतं बाजूने पडली, भारत एकटा तटस्थ राहिला. दहशतवादी संघटना या सवलतीचा गैरफायदा घेतील, ही आपली हरकत होती आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

एकेकट्या राष्ट्राने लादलेल्या निर्बंधांबाबत कायदा अजून धूसर आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने आणि जपानने आपल्यावर लादले ते याच जातीचे. १९८६ च्या निकारागुआ खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेची व्यापारबंदी दोघांमधल्या मैत्री-कराराचा भंग ठरवली, पण रूढ कायद्यातल्या हस्तक्षेपबंदीचा भंग मानली नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. जातपंचायत आपणच फिर्यादी आणि आपणच न्यायाधीश असते, तिच्या शिक्षेला मुदत नसते, आणि पोराबाळांसाठी दार उघडं ठेवणं तिला कमीपणाचं वाटतं. इराकच्या वेळी सुरक्षा परिषद या तिन्ही बाबतींत जातपंचायतीच्या फार जवळ गेली, असं आमचं मत आहे. युद्धातसुद्धा नागरिकांची उपासमार हे शस्त्र म्हणून वापरायला १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी कराराने बंदी आहे. युद्धात जे निषिद्ध, ते शांततेच्या नावाने चालवून घेण्याचं समर्थन आम्हाला तरी सापडत नाही. म्हणून यापुढे वर्तमानपत्रात ‘कडक निर्बंध’ असा मथळा दिसला, की आपण दोन गोष्टी शोधाव्यात. झळ कोणाला बसणार आहे, आणि निर्णय बदलण्याची ताकद त्याच्याकडे आहे का?

आता आपले प्रश्न घेऊ.