टिंबक्टूच्या पेट्या

इतिहास कोणी घडविला, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. इतिहासाचे कागद कोणी सांभाळले, हे मात्र सहसा विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे हे विचारतो. जुना हजेरीपट सापडला तर म्हाताऱ्या कामगाराची तीस वर्षांची नोकरी सिद्ध होते. न सापडला तर त्याचा शब्द वाऱ्यावर जातो. म्हणून आज पश्चिम आफ्रिकेतील माली देशाची हकीकत सांगावीशी वाटते.

सहारा वाळवंटाच्या काठी टिंबक्टू हे व्यापाराचे आणि विद्येचे जुने शहर. तेथील घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अरबी लिपीतील हस्तलिखिते जपली. त्यांत धर्मशास्त्र, ज्योतिष व वैद्यक आहे, तसेच देण्याघेण्याचे कागदही आहेत. 2012 साली शहर सशस्त्र धर्मांधांच्या हाती गेले. तेव्हा अब्देल कादर हैदरा या ग्रंथपालाने व त्याच्या साथीदारांनी ही दौलत पेट्यांत भरून, मोटारींतून आणि नायजर नदीवरील होड्यांतून, शेकडो मैल दूर राजधानी बामाकोस गुपचूप पोचविली. हे काम कोणा सेनापतीचे नव्हे; ते मोटारचालकांचे, नावाड्यांचे आणि घरोघरच्या माणसांचे. जानेवारी 2013 मध्ये शहर सोडताना त्या सशस्त्र टोळ्यांनी मागे राहिलेल्यांपैकी काही हस्तलिखिते जाळली.

संकट एवढ्यावर सरले नाही. वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकलेल्या कागदाला बामाकोची दमट हवा मानवणारी नव्हती. तेव्हा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातली हिल म्यूझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी पुढे आली. बेनेडिक्टाइन साधूंच्या मठातून निघालेली ही संस्था 1965 पासून हस्तलिखितांच्या प्रती काढीत आहे. ख्रिस्ती मठाने मुसलमानांच्या ग्रंथांची काळजी वाहावी, हेही ध्यानात घेण्याजोगे. व्यवहार सरळ होता : मूळ कागद मालकाकडेच राहायचा, छायाचित्रे तेथल्याच माणसांनी घ्यायची आणि प्रत दोन्हीकडे ठेवायची.

2020 साली करोनाची साथ आली. विमाने थांबली, ग्रंथालयांना कुलपे लागली. त्या दिवसांत मालीस जाऊ न शकणारा अभ्यासक घरबसल्या या संस्थेच्या संगणकावरील वाचनकक्षात विनामूल्य ती पाने चाळू शकत होता. आणि जे काम परक्या तज्ज्ञाच्या येण्यावर अवलंबून असते ते अशा वेळी अडते. स्थानिक हातांत कसब असले तर त्याला पुन्हा उभे राहता येते.

परंतु प्रत काढली म्हणजे निश्चिंत झालो, असे कोणी समजू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. तिच्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅमने 2004 पासून जगभरच्या जुन्या दप्तरांच्या जमविलेल्या प्रती महिनोन्‌महिने वाचकांच्या नजरेआड गेल्या. सुदैवाने त्या योजनेचाही नियम तोच होता : मूळ कागद आपापल्या देशी, आणि एक प्रत तेथेच.

आग, वाळवी, तलवार, रोगाची साथ आणि संगणकावरचा दरोडा या सर्वांना एकटा पहारेकरी पुरा पडत नाही. टिंबक्टूचे कागद वाचले ते पुष्कळांनी थोडा थोडा भार उचलला म्हणून. त्यांतल्या बहुतेकांची नावे मात्र कोणत्याही हजेरीपटावर नाहीत.