सुवर्णहंसाचे कारागीर



राजाच्या नौकेविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण नौका राजाची असली, तरी ती घडवणारे आणि वल्हवणारे हात कुणाचे, हा प्रश्न आमच्याच दप्तरातला आहे.

थायलंडची राजधानी बँकॉक येथे ‘सुफन्नाहाँग’ नावाची सागवानी राजनौका आहे. नाव परके वाटते. पण ते आपल्या ‘सुवर्णहंसा’चेच थाई रूप. नाळेवर हंसाची उंच मान, चोचीत लोंबता गोंडा, लांबी सुमारे ४६ मीटर आणि वल्हेकरी ५०. याच नावाची जुनी नौका जीर्ण झाल्यावर चुलालोंगकोर्न राजाने नवी बांधावयास सांगितली. ती पुरी झाली १९११ साली, त्याचा पुत्र वजिरावुध याच्या कारकीर्दीत.

१९३२ साली तेथील राजाची अनिर्बंध सत्ता संपली आणि राजनौकांच्या मिरवणुकीही थांबल्या. पुढे महायुद्धात बँकॉक नोई कालव्यावरील नौकाशाळा बाँबहल्ल्यात सापडली. युद्धानंतर सरकारच्या ललितकला खात्याने दुरुस्ती हाती घेतली. १९५७ साली, बुद्धशकाला २५०० वर्षे झाली तेव्हा, नौका पुन्हा नदीत उतरल्या.

ही दुरुस्ती म्हणजे वरवर रंगाचा हात फिरवणे नव्हे. कुजलेले लाकूड काढावे, फटींत तंतू व राळ ठासावी, मग लाखेचे थर, सोन्याचा वर्ख आणि रंगीत काचेचे तुकडे. सांगाडा आरमाराचे सुतार पाहतात, नक्षीकाम ललितकला खात्याचे कारागीर. वल्ही मारतात आरमाराचे खलाशी. नौकेवर पाय ठेवण्यापूर्वी ते जमिनीवर बसून, गाण्याच्या तालावर वल्ही एका वेळी उचलावयास शिकतात.

या दुरुस्तीचे खरे फळ १९९६ साली दिसले, असे आम्ही मानतो. त्या वर्षी ‘नाराय सोंग सुबन’, म्हणजे गरुडारूढ नारायण, ही नवी राजनौका पाण्यात उतरली. जुन्या नौका काचेआड ठेवून कारागिरांना घरी धाडले असते, तर ती घडवणार कोण? २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ५२ नौका निघाल्या, त्यांवर २२०० वल्हेकरी होते.

आपल्या गावचे जुने वाडे आणि देवळे यांच्या जीर्णोद्धाराला आपण वर्गणी देतो, ते योग्यच. पण ते काम जाणणाऱ्या सुताराला आणि पाथरवटाला बारा महिने काम व पोटापुरती मजुरी मिळते का, हेही विचारीत चला. त्याच्या मुलाने हत्यार खाली ठेवले, की पुढच्या जीर्णोद्धाराला नुसता पैसा उरेल.