पाण्याकांठची लाज

१९०७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांतील एका रविवारीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरानजीकच्या बाँडाय, मॅनली व कूजी या तीन समुद्रकिनाऱ्यांवर एक विलक्षण देखावा दिसला. धट्टेकट्टे तरुण पुरुष बायकांचे पेटिकोट, लेसच्या झालरी, टेबलावरचे रुमाल, जें हातीं लागलें तें कमरेभोंवतीं गुंडाळून वाळूवरून मिरवत होते. हा जत्रेंतला सोंगांचा प्रकार नव्हता. हा निषेध होता. वेव्हर्ली नगरपालिकेच्या महापौरांनीं असा नियम सुचविला होता कीं, समुद्रस्नान करणारानें, मग तो पुरुष असो वा स्त्री, मानेपासून गुडघ्यापर्यंतचा पोषाख तर घालावाच, परंतु त्यावर कमरेखालीं एक घागरावजा आवरणही असूं द्यावें. असलें आवरण लाटांत पायांत अडकेल, ही तक्रार रास्तच होती. पण त्या दिवशींच्या गर्दीचा खरा संताप निराळाच होता: आम्हां पुरुषांना बायकांसारखें दिसावयास लावतां काय? अखेर तो नियम बारगळला. पाण्यांत घागरा घालून उतरणें स्त्रियांच्या मात्र कित्येक पिढ्या अंगवळणीं पडलें होतें, आणि त्यांच्या घागऱ्याकरितां असा मोर्चा निघाल्याचें निदान माझ्या वाचनांत नाहीं.

आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांची अशी समजूत आहे कीं, पाश्चात्य देशांत देहाविषयींचा मोकळेपणा हळूहळू वाढत गेला. प्रथम सारेच झांकलेले होते आणि मग एकेक वस्त्र उतरत गेलें. इतिहास पाहूं गेल्यास ही सरळ रेषा कोठेंच सांपडत नाहीं. १७३५ च्या सुमाराचें स्कारबरो येथील किनाऱ्याचें एक छापील चित्र उपलब्ध आहे. त्यांत चाकांवरची लांकडी खोली, म्हणजे ज्यास पुढें 'बेदिंग मशीन' म्हणूं लागले ती, पाण्यांत उभी आहे, आणि स्नान करणारे लोक चक्क विवस्त्र आहेत. त्यानंतर दोनच वर्षांनीं बाथ शहराच्या नगरसभेनें तेथील उष्णोदकाच्या कुंडांपुरता हुकूम काढला कीं, दहा वर्षांवरील पुरुषानें चड्डी व बंडी आणि स्त्रीनें सभ्य असा झगा घातल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. हुकूम निघाला याचा अर्थच असा कीं, तत्पूर्वीं लोक तसे उतरत असले पाहिजेत.

पुढें डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर १७५० सालीं लॅटिनमध्यें ग्रंथ लिहिला, आणि ब्रायटनसारख्या कोळ्यांच्या गांवाला श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. समुद्रस्नान हें तेव्हां औषध होतें, मौज नव्हती. तें देण्याची रीतही औषधासारखीच. लांकडी खोलींत कपडे बदलावयाचे, घोड्यानें ती खोली पाण्यांत ओढावयाची, आणि मग 'डिपर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दणकट बाईनें आपणांस धरून लाटेखालीं बुचकळावयाचें. ब्रायटनची मार्था गन या कामांत इतकी नांवाजली कीं तिचीं चित्रें निघालीं. स्त्रियांचा स्नानाचा झगा घोट्यापर्यंत असे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नीचा असा एक झगा माउंट व्हर्नन येथें जपून ठेवलेला आहे. निळ्यापांढऱ्या चौकटीचा तो तागाचा झगा पाण्यांत वर तरंगूं नये म्हणून त्याच्या कांठांत शिशाचे तुकडे शिवलेले आहेत. तो पाहणाऱ्याच्या मनांत एकच विचार यावा: शिसें बांधून पाण्यांत उतरणारी व्यक्ति पोहण्याकरितां उतरत नसते.

पुरुषांचें काय? एकोणिसाव्या शतकाचा बराच भाग उलटेपर्यंत इंग्रज पुरुष समुद्रांत उघडाच शिरत असे. फ्रॅन्सिस किल्व्हर्ट नांवाच्या एका पाद्रीबुवांची रोजनिशी १९३८ ते १९४० च्या दरम्यान प्रसिद्ध झाली. त्या रोजनिशींत १८७२ सालीं वेस्टन-सुपर-मेअर येथें उघड्या अंगानें पाण्यांत धांवत जाण्याचा आनंद त्यांनीं मनमुराद वर्णिला आहे. दोन वर्षांनंतर आइल ऑफ वाइट बेटावरील शँकलिन येथें चड्डी घालण्याची सक्ति झाली, तेव्हां हे सज्जन गृहस्थ चांगलेच वैतागले. त्यांचा युक्तिवाद असा कीं, स्त्रियांना पुरुषांचें नग्न शरीर पाहणें आवडत नसेल तर त्यांनीं तिकडे फिरकूं नये. यांतील निरागसता मोठी मनोरंजक आहे. पाहणारास लाज वाटत असेल तर पाहणारानें दूर व्हावें. स्नान करणारानें कां? हा प्रश्न एकाद्या स्त्रीनें आपल्या रोजनिशींत लिहिला असता तर ती रोजनिशी छापली गेली असती कीं जाळली गेली असती, हें सांगणें कठीण आहे.

आतां पुनः सिडनीकडे वळूं, कारण हाच प्रश्न तेथें एका स्त्रीसमोर उभा राहिला आणि तिनें त्याचें उत्तर अगदीं उलट दिलें.

न्यू साउथ वेल्समध्यें १८३८ पासून दिवसाउजेडीं लोकांच्या दृष्टीच्या टप्प्यांत समुद्रस्नान करण्यास बंदी होती. १९०२ सालीं विल्यम गोचर नांवाच्या एका संपादकानें आगाऊ जाहीर करून भर दुपारीं मॅनली येथें पाण्यांत उडी घेतली, आणि पुढच्याच वर्षीं तेथील नगरपालिकेनें मानेपासून गुडघ्यापर्यंत पोषाखाच्या अटीवर ती बंदी उठविली. किनारे खुले झाले. स्त्रियांकरितां वेगळीं, कुंपण घातलेलीं स्नानस्थानें होतीं, आणि त्यांतून फॅनी ड्युरॅक व मायना वायली अशा दोन मुली तयार झाल्या कीं, त्यांच्या बरोबरीची जलतरणपटु स्त्री त्या वेळीं जगांत मिळणें मुष्कील होतें. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांकरितां पोहण्याच्या शर्यती प्रथमच ठेवल्या गेल्या. परंतु या दोघींना जातां येईना. त्यांच्या प्रांतांतील स्त्रियांच्या जलतरण संघटनेचाच नियम आड आला. ज्या शर्यतीस पुरुष प्रेक्षक असतील तींत सभासद स्त्रियांनीं भाग घेऊं नये, असा तो नियम. आणि या नियमाच्या सर्वांत खंबीर पाठीराख्या होत्या त्या संघटनेच्या अध्यक्षा रोझ स्कॉट.

येथें वाचकांनीं घाई करूं नये. रोझ स्कॉट या कांहीं जुन्या वळणाच्या सोंवळ्या बाई नव्हत्या. १९०२ सालीं न्यू साउथ वेल्समध्यें स्त्रियांना मताधिकार मिळाला, तो मिळवून देणाऱ्यांत त्यांचें नांव पहिल्या पंक्तींत येतें. दुकानांत राबणाऱ्या मुलींचे कामाचे तास कमी व्हावे म्हणून त्या झगडल्या. पुरुषांची नजर म्हणजे काय वस्तु आहे, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. आणि म्हणूनच त्यांना वाटे कीं, ओल्या, अंगाला चिकटलेल्या वस्त्रांतील मुलींना त्या नजरेपुढें उभें केलें तर ज्या प्रतिष्ठेसाठीं आपण झगडलों तीच हातची जाईल. या भीतीला कांहींच आधार नव्हता असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु तिचा व्यवहारांतील अर्थ एवढाच झाला कीं, दोष पाहणाराचा आणि घरीं बसावयाचें पोहणारीनें. किल्व्हर्ट साहेब म्हणाले, पाहणारानें हटावें. स्कॉटबाई म्हणाल्या, पोहणारीनें हटावें. दोघांच्याही बोलण्यांत सच्चेपणा होता. फरक इतकाच कीं एकजण पुरुषाच्या देहाविषयीं बोलत होता व दुसरी स्त्रीच्या.

लोकमत खवळलें, संघटनेनें मतें घेऊन नियम रद्द केला, रोझ स्कॉट यांनीं राजीनामा दिला. वर्गणी जमली, आणि ड्युरॅक बहिणीसोबत व वायली वडिलांसोबत, अशा त्या सोबतीवांचून नव्हे तर सोबतीनेंच, युरोपास गेल्या. शंभर मीटरच्या शर्यतींत पहिलें पदक ड्युरॅकला, दुसरें वायलीला मिळालें. चौघींच्या सांघिक शर्यतींत ब्रिटनच्या मुली जिंकल्या. त्या चौघींचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: अंगावर पातळ रेशमाचे पोहण्याचे पोषाख, आणि त्यांच्या शेजारीं गळ्यापासून पायापर्यंत काळ्या वस्त्रांत झांकलेली त्यांची पालक बाई. त्या चौघींच्या चेहऱ्यावर मला तरी संकोच दिसत नाहीं. नुकतेंच एक अवघड काम पार पाडून आलेल्या माणसाची थकलेली निश्चिंतता दिसते.

हा सारा वाद शिष्टाचाराचा होता असें कोणास वाटेल, म्हणून एका दुर्घटनेचा उल्लेख करणें भाग आहे. १५ जून १९०४ रोजीं न्यूयॉर्कच्या ईस्ट नदींत 'जनरल स्लोकम' नांवाच्या बोटीला आग लागली. चर्चच्या सहलीला निघालेलीं माणसें होतीं. बहुतेक स्त्रिया व मुलें. कांठ दूर नव्हता. तरीही हजाराहून अधिक जीव गेले. बोटीवरील जीवरक्षक साहित्य कुजकें होतें हें मुख्य कारण खरेंच. पण पोहतां न येणें आणि अंगावरच्या लोकरी वस्त्रांचें ओलें ओझें यांनींही आपला वांटा उचलला. त्यानंतरच्या काळांत अमेरिकेंत मुलींना पोहणें शिकविण्याच्या चळवळीस जोर आला. १९१७ सालीं शार्लट एप्स्टाइन यांनीं न्यूयॉर्कमध्यें स्त्रियांची जलतरण संस्था स्थापिली, आणि त्याच संस्थेंत शिकलेल्या गर्ट्रूड एडर्ली हिनें ६ ऑगस्ट १९२६ रोजीं इंग्लिश खाडी साडेचौदा तासांच्या आसपास पोहून पार केली. तिच्याआधीं पांच पुरुषांनीं ती पार केली होती. त्यांतील सर्वांत चपळ पुरुषाहून हिला सुमारें दोन तास कमी लागले.

परंतु शरीर मोकळें झालें म्हणजे मन मोकळें झालें असें समजूं नये. ॲनेट केलरमनचें उदाहरण घ्या. ही सिडनीचीच, लहानपणीं पाय अधू म्हणून लोखंडी पट्ट्या बांधाव्या लागत, आणि पाय बळकट व्हावे म्हणून तिला पोहावयास घातलें. मुलांच्या पोहण्याच्या पोषाखाला काळे मोजे शिवून तिनें अंगासरसा एकसंध पोषाख बनविला. १९०७ मध्यें बोस्टनजवळील रिव्हियर किनाऱ्यावर त्या पोषाखापायीं पोलिसांनीं आपणांस पकडलें, ही गोष्ट ती जन्मभर सांगत असे. त्याच केलरमनचें हार्वर्डच्या डडली सार्जंट या प्राध्यापकांनीं टेपानें मोजमाप घेतलें, आणि व्हीनसच्या पुतळ्याशीं ताडून तिला 'परिपूर्ण स्त्री' ठरविलें. पुढें तिनें स्वतःच बांधा सुधारण्याचे धडे टपालानें विकण्याचा धंदा केला. अधू पायांच्या मुलीनें पाण्यांत मिळविलेला आत्मविश्वास इंचांच्या कोष्टकांत अशा रीतीनें पोंचला. १९२२ सालीं वॉशिंग्टनच्या एका स्नानतीरावर तर सरकारी मनुष्य टेप घेऊन गुडघे टेकून बसे, आणि बाईचा पोषाख गुडघ्याच्या सहा इंचांहून वर तर नाहीं ना, हें मोजी.

आपल्याकडे हा प्रश्न १९३८ सालीं 'ब्रह्मचारी' चित्रपटानें दारांत आणून उभा केला. अत्र्यांची कथा, मास्टर विनायकांचें दिग्दर्शन, आणि पोहण्याच्या पोषाखांत पाण्यांत गाणें म्हणणारी मीनाक्षी शिरोडकर. महाराष्ट्रांत त्यावरून गहजब झाला, आणि चित्रपटगृहें भरून वाहिलीं. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असें कोणी समजूं नये. गंमत अशी कीं, याच समाजांत लंगोट लावून हौद्यांत उतरलेला मल्ल पाहावयास सारा गांव लोटतो, आणि चंद्रभागेच्या वाळवंटांत स्त्रीपुरुष एकाच प्रवाहांत स्नान करतात. इंग्लंडांत बेक्सहिलसारख्या गांवानें १९०१ सालीं मिश्र स्नानास परवानगी दिली म्हणून गाजावाजा झाला. आमच्या घाटांवर तें शतकानुशतकें चाललें आहे. ओलें लुगडें किती झांकतें, हें ज्यानें घाट पाहिला आहे त्यास सांगावयास नको. मग बिथरविणारें काय होतें? माझ्या मतें, घाटावरची बाई पुण्यासाठीं पाण्यांत उतरली होती व पडद्यावरची आनंदासाठीं.

पुरुषांच्याही छातीवर त्याच दशकांत वाद झाला, हें मात्र सांगितलेंच पाहिजे. १९२४ च्या ऑलिंपिकमध्यें जॉनी वाइसमुलर छाती झांकूनच पोहला. १९३२ सालीं तोच टार्झन होऊन उघड्या छातीनें पडद्यावर आला. १९३५ मध्यें न्यू साउथ वेल्स सरकारनें पुरुषांसही कांखेपासून खालपर्यंत झांकण्याचा नियम लावला, पण दशक संपेपर्यंत उघडी छाती ही रूढ गोष्ट झाली आणि पुरुषांनीं तो विषय सोडून दिला.

तेव्हां ही भीड स्त्रीजातीच्या स्वभावांतच आहे काय? १९९८ सालीं अमेरिकेंत बार्बरा फ्रेडरिकसन प्रभृति मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बंद खोलींत, एकट्यानें, आरशासमोर पोहण्याचा पोषाख घालावयास देऊन गणितें सोडविण्यास सांगितलें. मुलींचीं गणितें बिघडलीं, मुलांचीं नाहीं. पाहणारा कोणी नव्हता, तरी पाहणारा होताच. निष्कर्ष झटपट निघाला असता, पण २००४ सालीं मिकी हेबल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोच प्रयोग फिरून केला आणि मुलांना ढगळ चड्डीऐवजीं अंगाला चिकटणारी तोकडी चड्डी दिली. या वेळीं मुलांचींही गणितें बिघडलीं. बाँडायच्या वाळूवर पेटिकोट नेसून चिडलेल्या त्या तरुणांना हा प्रयोग समजावून सांगावा लागला नसता.

टेप अद्याप गुंडाळून ठेवलेली नाहीं. २०२१ च्या जुलैमध्यें बल्गेरियांतील वार्ना येथें वाळूवरच्या हँडबॉलच्या सामन्यांत नॉर्वेच्या स्त्रियांनीं ठराविक तोकड्या वस्त्राऐवजीं आंखूड चड्ड्या घातल्या, म्हणून संघास पंधराशें युरो दंड झाला. नियमाप्रमाणें स्त्रियांच्या वस्त्राची कडेची रुंदी दहा सेंटिमीटरहून अधिक असतां कामा नये. पुरुषांच्या चड्डीनें मात्र गुडघ्याच्या वर दहा सेंटिमीटर थांबावें. ओरड झाल्यावर त्याच वर्षाअखेर नियम बदलला, आणि स्त्रियांसही चड्डी मिळाली. नव्या नियमांत तिच्याविषयीं दोन विशेषणें आहेत: आंखूड, आणि अंगाशीं घट्ट.