दारूकोठार

बंदुकीची दारू साठवण्याची जागा. बोलीत दारूखाना. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. शंभर भागांत सोरा सुमारे 75, कोळसा 15, गंधक 10.

हिला ठिणगी चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. सर्दी चालत नाही, हे मात्र साठवणाऱ्याला उशिरा कळते. ओल शिरली की सोरा विरघळून दाण्याबाहेर येतो, सुकल्यावर मडक्याच्या तोंडाशी पांढुरकी बुरशी आल्यासारखा दिसतो. अशी दारू पुन्हा वाळवली तरी मिश्रण बिघडलेले असते. फुसफुसते, जोर धरत नाही. म्हणून कोठार कोरडे हवे, पण उबेसाठी तिथे शेगडी पेटवता येत नाही. सारी अडचण इथेच आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने (सुमारे 1715) ती नेमकी ओळखली. दारूखाना सदरेपासून आणि राहत्या घरांपासून दूर असावा, भोवती दाट कुसू (कुंपण) असावे, तळघरात गच करून माचावर दारूची मडकी ठेवावीत. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावे, पुन्हा मोहोर करून ठेवावी. पहारा रात्रंदिवस. परवानगीवाचून आसपास कुणी फिरकू नये. यात आज बदलावे असे फारसे नाही. फक्त दारूला उघड्यावर ऊन देण्याचा सल्ला आता कुणी देणार नाही.

वेढ्यात हे नियम कसे कोलमडतात, ते नाशिक भागात दिसले. तिथे देवळ्याच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग आहे. धोडप, कांचना, राजदेहेर हे तिच्यातले किल्ले. 1818 च्या मोहिमेत ते इंग्रजांकडे गेले. खरी लढत पूर्वेला मालेगावच्या भुईकोटात झाली. आतल्या अरब शिबंदीने महिनाभर दाद दिली नाही. जूनमध्ये उखळी तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातली साठवलेली दारू पेटली, तटाचा मोठा तुकडा खंदकात कोसळला आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. वेढ्यात सापडलेल्या शिबंदीला दारू ‘दूर’ ठेवायला जागाच कुठे असते!

घरगुती साठवणीचा प्रश्न ठासणीच्या बंदुकीबरोबर येतो. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तशी बंदूक बाळगणारे शेतकरी अजून आहेत. हत्याराचा परवाना शस्त्र अधिनियम, 1959 खाली मिळतो, तर स्फोटकांचा साठा स्फोटक अधिनियम, 1884 आणि 2008 च्या नियमांखाली येतो. या विषयाचे केंद्रीय कार्यालय नागपुरात आहे. चूल, देवघरातला दिवा, विजेचे बटण यांच्याजवळ दारू ठेवायची नाही. डबा मुलांच्या हाती लागू द्यायचा नाही, पण जाड लोखंडी पेटीत घट्ट कोंडायचाही नाही: आग लागली तर दाब साठतो आणि पेटीचाच गोळा होतो. म्हणून जाणकार कारखान्याच्या मूळ डब्यासाठी लाकडी कपाट पसंत करतात. चमचा, गाळणी लाकडाची किंवा तांब्याची. लोखंड आपटले की ठिणगी उडते.

आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू वेगळी. ती नायट्रोसेल्युलोजची असते. मोकळ्यावर भराभर जळते, कोंडली तर फुटते. जुनी झाली की कुजते. डबा उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ आली, तर ती वापरायचीही नाही आणि ठेवायचीही नाही.

मुंबईत रे रोडजवळच्या वस्तीला अजून दारूखाना म्हणतात. पुढे तिथे जुनी जहाजे मोडली जाऊ लागली.