धनुष्याची ओढ

श्रोतेहो, माणसाला छंद लागतात आणि सुटतात. तालमीत घुमणारा गडी चाळिशी उलटली की लंगोट खुंटीला टांगतो आणि पुढे पोरांच्या कुस्त्या बघण्यात समाधान मानतो. ज्या छंदाला अंगातली रग लागते, त्याचे आयुष्य एकंदरीत थोडेच. असे असताना एक छंद मात्र या हिशेबात बसत नाही. धनुष्यबाणाने शिकार करण्याचा छंद ज्यांना जडला, त्यांतले कितीतरी जण साठी-सत्तरीपर्यंत रानात जात राहिले. असे का व्हावे?

मराठीत ‘ओढ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. धनुष्याची दोरी गालापर्यंत आणायला जे बळ लागते, त्याला धनुष्याची ओढ म्हणता येईल. ती पौंडांत मोजतात. आणि मनाला लागते, तीही ओढच. वय वाढले की पहिली ओढ उतरणीला लागते. दुसरीचे काय होते, हे बघायचे तर अमेरिकेतल्या काही धनुर्धरांची हकिगत सांगितली पाहिजे. अमेरिका अशासाठी, की बंदूक घरोघर पोचल्यावर, म्हणजे धनुष्याची काडीइतकी गरज उरली नसताना, हा छंद तिथे नव्याने उगवला. पोटासाठी कोणी काही केले तर त्यात नवल नसते. गरज नसताना जन्मभर केले, तर त्यामागे काहीतरी असले पाहिजे.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले. मॉरिस आणि विल थॉम्पसन हे दोघे भाऊ हरलेल्या दक्षिणेच्या बाजूने लढले होते. पराभूत सैनिकांना बंदुका बाळगण्याची मुभा नव्हती, म्हणून हे दोघे धनुष्याकडे वळले, असे सांगतात. ते काही असो. फ्लोरिडाच्या दलदलीत आणि रानात या भावांनी धनुष्यावर शिकार केली, आणि मॉरिसने त्यावर लिहिलेले पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. त्याने तरुण मंडळींना अक्षरशः वेड लावले. पुढच्याच वर्षी, १८७९ साली, राष्ट्रीय धनुर्विद्या संघ स्थापन झाला आणि शिकागोला पहिली स्पर्धा भरली. ती जिंकली धाकट्या विलने. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

आता गंमत बघा. हाच विल थॉम्पसन १८८४ साली पुन्हा विजेता झाला, १८८८ साली झाला, १९०१ साली झाला, आणि शेवटचा झाला १९०८ साली, वयाच्या साठाव्या वर्षी! पहिल्या आणि शेवटच्या विजयात एकोणतीस वर्षांचे अंतर. मधे १९०४ साली सेंट लुई येथे ऑलिंपिक सामने झाले. तिथे ज्या अमेरिकन संघाला सुवर्णपदक मिळाले, त्यात छपन्न वर्षांचा विल होता, आणि त्याचा जोडीदार गॅलन स्पेन्सर तर चौसष्ट वर्षांचा होता. हे निशाणावरचे नेम झाले, रानातले नव्हेत, हे खरे. पण त्यावरून एवढे दिसते की धनुष्य हे निव्वळ दंडाचे काम नाही. पाठीचे स्नायू, श्वास आणि चित्त यांचा मेळ बसला की कमी बळाचा माणूसही बाण नेमका सोडतो. आणि असा मेळ बसायला वर्षे लागतात.

पुढची कथा मात्र दुःखाची आहे. कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ भागात याही नावाचे लोक राहत. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची कत्तल केली. उरलेसुरले काही जण कित्येक वर्षे लपूनछपून राहिले, आणि एकेक करून तेही गेले. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या एका खाटिकखान्याच्या आवारात एक उपाशी, एकटा माणूस सापडला. विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर आणि वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. आपले नाव त्याने कोणालाच सांगितले नाही. आपल्या लोकांतल्या कोणीतरी ओळख करून दिल्याशिवाय स्वतःचे नाव उच्चारायचे नाही, अशी त्यांच्यात रीत होती, आणि ओळख करून द्यायला कोणी उरलेच नव्हते. म्हणून त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

संग्रहालयाच्या शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथे सॅक्स्टन पोप नावाचा एक शल्यचिकित्सक शिकवत असे. इशीच्या दुखण्याखुपण्याच्या निमित्ताने त्याची गाठ पडली आणि दोघांची मैत्री जमली. पस्तिशी उलटलेला हा डॉक्टर इशीपाशी धनुष्य शिकू लागला. लाकूड कसे निवडायचे, त्याच्या पाठीवर जनावराची स्नायुतंतूंची पट्टी कशी चिकटवायची, काचेचा किंवा गारगोटीचा तुकडा टिचवून बाणाचे टोक कसे करायचे, हे सारे इशीने त्याला हाताने करून दाखवले. इशीला मांडलेल्या निशाणावर नेम धरण्यात काही रस वाटत नसे. त्याची खरी विद्या रानात दिसायची. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखूला शिवायचे नाही, पहाटे ओढ्यात अंघोळ करायची. का? तर अंगाला वास येऊ नये. वारा कुठून वाहतो ते बघायचे. घाई नाही. ओठांपाशी बोटे धरून तो असा काही आवाज काढी की ससे आपण होऊन जवळ येत.

१९१४ साली इशी या मंडळींना घेऊन आपल्या जुन्या मुलखात, डिअर क्रीकच्या खोऱ्यात, महिनाभर राहून आला. १९१६ सालच्या मार्चमध्ये तो क्षयाने वारला. त्याच्या अवशेषांचा काही भाग संग्रहालयांच्या ताब्यात राहिला होता. तो त्याच्या नात्यातल्या आदिवासींच्या हाती परत द्यायला २००० साल उजाडावे लागले.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. ज्यांच्या रायफलींनी इशीचे लोक संपवले, त्याच समाजातला एक माणूस इशीच्या हातून धनुष्य घेतो. एकाचे जे जगण्याचे साधन, ते दुसऱ्याचा छंद होते. या छंदाचा इतिहास सांगताना ही बाजू झाकून ठेवता येणार नाही. पण पोपने एक गोष्ट केली. ‘शिकलो’ एवढे म्हणून तो थांबला नाही. कोणापासून शिकलो तेही त्याने लिहून ठेवले. याहींच्या धनुर्विद्येवरचा त्याचा प्रबंध १९१८ साली आणि शिकारीवरचे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. आज जगात कुठेही हौसेने धनुष्य घेऊन रानात जाणारा माणूस इशीचे नाव जाणतो, ते पोपमुळे.

पोपला म्हातारपण लाभले नाही. १९२६ साली, पन्नाशीतच, न्यूमोनियाने तो गेला. त्याचा शिकारीतला साथीदार आर्थर यंग हाही १९३५ साली वारला. पण यंगने अलास्कातल्या आपल्या शिकारीचा एक चित्रपट केला होता. तो डेट्रॉइट शहरात एका तरुण कारागिराने पाहिला. मोटारींच्या कारखान्यांसाठी लाकडी साचे करणाऱ्या या तरुणाचे नाव होते फ्रेड बेअर. योगायोग असा, की इंग्रजीत बेअर म्हणजे अस्वल.

फ्रेड बेअरचा जन्म १९०२ सालचा. यंगची गाठ पडली, आणि बेअरच्या तळघरात दोघे धनुष्ये तासू लागले. आपण म्हणाल, मग काय, लगेच हरणे पडू लागली असतील. छे! बाणाने पहिले हरीण मिळायला त्याला कित्येक वर्षे लागली. बंदुकीने दोनशे-तीनशे यार्डांवरून नेम धरता येतो. धनुष्याला वीस-तीस पावलांवर जावे लागते. आणि वीस पावलांवर हरणाला आपला श्वासही ऐकू जातो. शिवाय बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो कापतो, आणि रक्तस्रावाने जनावर पडते. म्हणून चांगला धनुर्धर बाण सुटल्यावर लगेच धावत सुटत नाही. तो बसून राहतो, मग रक्ताचा माग काढत जातो. नेम चुकीच्या जागी बसला तर जनावर तळमळून मरणार, हे त्याला ठाऊक असते. सुटलेला बाण परत येत नाही, ही म्हण आपण बोलण्यातल्या शब्दांना लावतो. शिकाऱ्याला ती अक्षरशः लागू आहे. म्हणून शंका असेल तर बाण सोडायचाच नाही, हा या विद्येतला पहिला धडा. आणि तो पाळणे पंचविशीपेक्षा पासष्टीत सोपे जाते.

१९३३ साली बेअरने धंदा सुरू केला, पुढे मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावी मोठा कारखाना काढला. लाकडाला फायबरग्लासचे थर जोडून त्याने धनुष्ये स्वस्त आणि टिकाऊ केली. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याच्या शिकारीसाठी वेगळा हंगाम राखून ठेवला, आणि हळूहळू इतर राज्येही त्या वाटेने गेली. १९६१ साली पोप आणि यंग यांच्या नावाने एक मंडळ निघाले. जनावराला सुटण्याची रास्त संधी मिळालीच पाहिजे, हा त्याच्या नियमांचा गाभा. बेअर स्वतः ध्रुवप्रदेशात १९६० साली गेला, १९६२ साली गेला, मनासारखे झाले नाही. १९६६ साली, चौसष्टाव्या वर्षी, तिसऱ्यांदा बर्फावर जाऊन त्याने पांढरे अस्वल मारले. त्याच दशकात तो भारतातही आला होता आणि इथे त्याने वाघाची शिकार केली होती.

आज ऐकताना यात अभिमानाचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये. १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, दुसऱ्या वर्षी व्याघ्रप्रकल्प आला. त्याच १९७२ साली अमेरिकेनेही सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा करून पांढऱ्या अस्वलाची हौशी शिकार बंद केली. म्हणजे बेअरच्या दोन मोठ्या शिकारी ज्या जनावरांच्या, ती दोन्ही एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, कायद्याच्या आसऱ्याला आली.

मग बेअरचे म्हातारपण कशात गेले? मिशिगनमध्ये एका रानातल्या मुक्कामावर तो दर शरद ऋतूत मित्रांबरोबर जमत असे. तिथे साधी हरणे होती, आणि बहुतेक वेळ झाडाआड बसून राहण्यात जाई. १९७८ साली कारखाना फ्लोरिडात हलला, तसा तोही तिकडे गेला. फुप्फुसांच्या विकाराने अखेरची वर्षे त्याला प्राणवायूची नळी लावावी लागे. तरीही धनुष्यावरचे बोलणे आणि भेटायला येणाऱ्या तरुणांना शिकवणे चालूच होते. २७ एप्रिल १९८८ रोजी, सहाऐंशीव्या वर्षी, तो वारला.

उतारवयातल्या धनुर्धराला यंत्रानेही हात दिला आहे. १९६९ साली मिसुरीतल्या ॲलन नावाच्या माणसाला कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्याची दोरी पूर्ण मागे आली की कप्प्या वळतात आणि हातावरचा भार एकदम हलका होतो. त्यामुळे दुखऱ्या खांद्याचा म्हाताराही ताणून धरू शकतो. कोणी साठ पौंडांवरून पंचेचाळिसावर उतरतात आणि तेवढे जनावराच्या आणखी जवळ जायला शिकतात. झाडावरचे मचाण मात्र उतारवयात जपून वापरावे लागते, कारण या छंदात बाणापेक्षा पडण्याचीच भीती मोठी.

आपल्या सातपुड्यात तीरकामठा अजून घराघरात आढळतो. बांबूचे धनुष्य आणि बांबूच्याच सालीची दोरी! भिल्ल म्हाताऱ्याला त्याचे कौतुक वाटत नाही, कारण तो त्याच्या घरचाच आहे. कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. पण शिकार थांबली म्हणून वाऱ्याची दिशा ओळखणे, पाऊल न वाजवता चालणे, माग वाचणे ही विद्याही जावी, असे थोडेच आहे? इशी गेला तेव्हा त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारे त्याचे माणूस उरले नव्हते, तरी त्याच्या हातातली विद्या उरली, कारण शेजारच्या एका डॉक्टरने ती मागून घेतली. आपल्याकडे ही विद्या जाणणारी म्हातारी माणसे आहेत, आणि त्यांची भाषा बोलणारी नातवंडेही आहेत. वनरक्षकाला, प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्याला, शाळेतल्या पोराला ती उपयोगी पडेल.

तर आरंभीचा प्रश्न. दोरीची ओढ वयाबरोबर कमी होते, मनाची का होत नाही? याचे कारण मला असे दिसते, की धनुष्य माणसाला मारायला जेवढे शिकवते त्याहून जास्त थांबायला शिकवते. मारण्याची हौस वयाबरोबर ओसरते. थांबण्याचे सुख मात्र वाढतच जाते. पहाटे झाडाखाली बसावे, वारा गालावर घ्यावा, वीस पावलांवर हरीण यावे, आणि बाण भात्यातच राहावा. ज्याला त्यातही दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते, त्याचा छंद म्हातारा होत नाही.