हातात चिप बसवली तर नजर नक्की कोण ठेवतं?

२०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘नॅनो चिप’ असल्याचा मेसेज फिरत होता, आठवतोय? नोट जमिनीखाली पुरली तरी सॅटेलाइटला दिसेल म्हणे! काही न्यूज चॅनेल्सनी तर त्यावर कार्यक्रमही केले. पुढे कोरोनाच्या लसीतून चिप टोचली जाते, असे फॉरवर्ड आले. दोन्ही गोष्टी खोट्या.

पण डिसेंबर २०२१ मध्ये स्वीडनमधला एक व्हिडिओ व्हायरल झाला. हातातल्या कातडीखालच्या चिपवर मोबाइल टेकवला की स्क्रीनवर लसीचं प्रमाणपत्र उघडत होतं. हा व्हिडिओ खरा होता. फक्त ती चिप लसीतून आलेली नव्हती, त्या माणसाने ती हौसेने बसवून घेतली होती. म्हणजे माणसाच्या शरीरात चिप बसवणं ही कल्पित गोष्ट नाही. भीती मात्र बऱ्याचदा चुकीच्या जागी असते.

ही चिप असते कशी?

काचेची एक बारीक बंद नळी, आत इवलीशी चिप आणि तारेचं वेटोळं. लांबी साधारण १२ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढीच म्हणा ना. लसीच्या सुईची बाहेरची जाडीच अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते, त्यामुळे त्यातून ही चिप जाणं शक्य नाही. तिला चांगली जाडजूड सुई लागते आणि ती टोचलेली कळल्याशिवाय राहत नाही. परदेशी जाताना घरचं कुत्रं सोबत नेलेल्यांनी अशी चिप पाहिली असेल. युरोपात कुत्रं किंवा मांजर न्यायचं तर त्याच्या कातडीखाली १५ आकडी क्रमांकाची चिप असावी लागते.

चिपला बॅटरी नसते, जीपीएस नसतो. रीडर जवळ आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते, ती आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. हे अंतर काही सेंटीमीटरचंच.

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग आठवा. त्यातही बॅटरी नसते आणि आपण कुठे आहोत हे त्या स्टिकरला ठाऊक नसतं. पण गाडी टोलनाक्यावरून गेली की किती वाजता, कुठल्या नाक्यावर पैसे कापले याचा एसएमएस येतोच. माहिती नाक्याकडे असते. हातातल्या चिपचंही तसंच आहे. ती तुमचा माग काढत नाही, पण दारं, लिफ्ट, कँटीन, प्रिंटर असे जितके रीडर, तितके टोलनाके.

सुरुवात कुठून झाली?

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले प्राध्यापक केविन वॉरविक यांनी २४ ऑगस्ट १९९८ रोजी स्वतःच्या हातात अशी चिप बसवून घेतली. ते जवळ आले की विभागाचे दरवाजे उघडत, दिवे लागत आणि ते कुठल्या खोलीत आहेत हे कॉम्प्युटरला कळत असे. नऊ दिवसांनी त्यांनी ती काढून टाकली.

धंदा सुरू झाला तो ‘व्हेरीचिप’मुळे. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २००४ मध्ये तिला वैद्यकीय वापरासाठी मान्यता दिली. दंडात चिप, चिपमध्ये फक्त १६ आकडी क्रमांक. बेशुद्ध रुग्ण आला तर डॉक्टरांनी क्रमांक वाचायचा आणि कंपनीच्या डेटाबेसमध्ये त्याची माहिती बघायची. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या एका नाइट क्लबने आपल्या खास गिऱ्हाइकांना हीच चिप देऊ केली, हात पुढे केला की ड्रिंकचं बिल चुकतं! मान्यता देताना एफडीएने धोक्यांची यादीही दिली होती. चिप जागेवरून सरकणं, एमआरआयमध्ये अडचण येणं आणि माहितीची सुरक्षितता धोक्यात येणं हे सगळं त्यात होतं.

नक्कल झाली आणि पुढे गंमतच झाली

२००६ मध्ये जोनाथन वेस्टह्यूज या तरुण अभियंत्याने एका पत्रकाराच्या दंडातल्या व्हेरीचिपचा क्रमांक स्वतः बनवलेल्या यंत्राने वाचून त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली. चिपमध्ये कुलूप नव्हतंच, जो विचारेल त्याला ती क्रमांक सांगत होती.

त्याच वर्षी वेस्टह्यूज आणि इतर तिघांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यातले एक डॉ. जॉन हलामका, हार्वर्ड मेडिकल स्कूलमधले आयटीप्रमुख. त्यांच्या स्वतःच्या दंडात व्हेरीचिप होती! लेखाचं म्हणणं वाचून आधी चक्रावायला होतं: या चिपची नक्कल करता येते हे बरंच आहे. का? ज्या चिपची नक्कल होऊ शकत नाही, ती चोराला हवी असेल तर तो ती शरीरातून कापून काढेल. हे नुसतं भय दाखवणं नव्हे. २००५ मध्ये मलेशियात चोरांनी फिंगरप्रिंटवर चालणारी मर्सिडीज पळवताना मालकाचं बोटच तोडून नेलं होतं. म्हणून त्यांचा सल्ला असा, की बेशुद्ध माणूस कोण हे ओळखायला चिप वापरा, पण तिजोरी किंवा दार उघडायची किल्ली म्हणून वापरू नका.

प्रत्यक्षात उलटं झालं. आज हातात चिप बसवून घेणारे बहुतेक जण ती किल्ली म्हणूनच वापरतात. नव्या चिप आधीच्यापेक्षा सुरक्षित आहेत, हेही सांगायला हवं.

‘ऐच्छिक’ म्हणजे किती ऐच्छिक?

२००६ मध्येच अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका कॅमेरा कंपनीने दोन कर्मचाऱ्यांच्या दंडात चिप बसवल्या, व्हिडिओ ठेवलेल्या खोलीत शिरण्यासाठी. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याने कायदा केला: कुणालाही चिप बसवण्याची सक्ती करता येणार नाही, केली तर १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि प्रत्येक दिवस हा वेगळा गुन्हा. मग नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्नियाने असे कायदे केले.

आणि ऑगस्ट २०१७ मध्ये याच विस्कॉन्सिनमधल्या ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ कंपनीने ऑफिसात चक्क चिप पार्टी ठेवली! ८० च्या आसपास कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ५० जणांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधे चिप टोचून घेतली. ३०० डॉलरचा खर्च कंपनीचा. सक्ती नव्हती, म्हणजे कायदा मोडला नाही. पण बॉस हसत हसत हात पुढे करतोय, शेजारच्या टेबलवरच्या सगळ्यांनी टोचून घेतली आहे आणि तुमचं प्रमोशन अडलंय, अशा वेळी ‘नको’ म्हणणं किती सोपं? कायद्याला सक्ती दिसते, भीड दिसत नाही. शिवाय आयकार्ड संध्याकाळी ड्रॉवरमध्ये टाकता येतं, हात घरीच येतो.

भारतात काय?

माणसांच्या चिपसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही असं सांगितलं आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. (तारीख पुन्हा २४ ऑगस्ट, निव्वळ योगायोग!) त्यामुळे बळजबरीने टोचणं न्यायालयात टिकणं कठीण. नोंदींचं मात्र वेगळं आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कामांसाठी काही माहिती कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला आहे.

नको झाली तर?

व्हेरीचिपची विक्री २०१० मध्ये बंद झाली. कंपनी थांबली म्हणून दंडातला क्रमांक पुसला जात नाही. डेटाबेसच नसेल तर उरतो तो काचेचा तुकडा आणि एमआरआयच्या वेळी आधी सांगायची एक गोष्ट. चिप काढायला जागा बधिर करून छोटीशी चीर द्यावी लागते, हे काम डॉक्टरकडूनच करून घ्यावं. दारावरच्या रीडरने तोवर टिपलेल्या वेळा मात्र त्या चिरेतून निघत नाहीत. त्या ऑफिसच्या सर्व्हरवर असतात, आणि त्या पुसायच्या की ठेवायच्या हे चिप टोचून घेण्याआधी लेखी विचारून ठेवलेलं बरं.